काळ्या पट्टीमागचा डोळा

मित्रांनो, दिवाणखान्यातल्या कपाटाच्या सगळ्यात खालच्या फळीवर बसलेला तो काळा, जड, रुंद खांद्यांचा म्हातारा म्हणजे मी. मी अ‍ॅम्प्लिफायर आहे. टीव्हीतून, रेडिओतून किंवा टेपमधून आलेला बारीक आवाज घ्यायचा, त्याच्या अंगात बळ भरायचे आणि दोन्ही बाजूंच्या स्पीकरांकडे तो पाठवायचा, हे माझे काम. जन्मभर मी दुसऱ्यांच्याच गोष्टी मोठ्याने सांगत आलो. आज माझी स्वतःची सांगतो, आणि ती सांगताना माझी छाती फुगली तर चालवून घ्या.

माझा जन्म एका लांबलचक कारखान्यात झाला. खिडक्यांना लागून टेबले होती आणि प्रत्येक टेबलाशी एक बाई काम करत होती. त्यांतल्या एकीने कथील वितळवून डाग दिले आणि माझ्या पोटातल्या तारा जोडल्या. शेजारणीने काही विनोदी सांगितले की ती खळखळून हसे, पण तिचा हात हलत नसे. पुढच्या टेबलावर मला आवाजाचे मोठे गोल बटण मिळाले. बटणाच्या मागे एक छोटी मोटर होती. रिमोट दाबला की ती फिरे आणि कुणाचा हात न लागता बटण वळे. त्या काळी ही केवढी नवलाई होती! बटणाशेजारी नखाएवढी काळ्या काचेची खिडकी होती. तो माझा डोळा. रिमोटच्या टोकातून जो उजेड लुकलुकतो तो तुम्हा माणसांना दिसत नाही. त्याला अवरक्त किंवा इन्फ्रारेड म्हणतात. मला तो दिसतो, आणि माझ्यासाठी ती हाक असते. एका तऱ्हेने लुकलुकला तर ‘जागा हो’, दुसऱ्या तऱ्हेने लुकलुकला तर ‘आवाज वाढव’.

मला घरी आणले ते बाबांनी. ते शाळेत भूगोल शिकवत. आई आतल्या खोलीत लोकांचे कपडे शिवत असे. संध्याकाळी बाबा माझ्यासमोर बसत आणि आतून मशीनच्या खडखडाटावर आईचा आवाज येई, “जरा वाढवा हो.” बाबा रिमोट दाबत, माझे बटण वळे, आणि भिंतीपलीकडे आईला गाणे ऐकू जाई. पाहुणे आले की बाबा ते वळणारे बटण मुद्दाम दाखवत. पाहुणे “वा, वा” म्हणत. मी ते सगळे ‘वा’ जपून ठेवले आहेत.

पुढे घरात एक टीव्ही आला. तो नेमका माझ्याच कंपनीचा निघाला आणि गोंधळ सुरू झाला. त्याच्या रिमोटची हाक आणि माझी हाक इतकी सारखी, की त्याला उठवायला गेले की मी झोपे.

“अहो, बंद का केलं?” आई आतून विचारी.

“मी नाही केलं. हा आपला आपणच मेला.”

“मग जिवंत करा. माझी बाही अर्धी राहिलीय.”

चार-दोन दिवस असे मरून-जगून झाल्यावर बाबांनी वायरींना गुंडाळायची काळी चिकटपट्टी आणली, बोटभर तुकडा कापला आणि माझ्या डोळ्यावर बसवला. “झाला बंदोबस्त,” ते म्हणाले. मी आंधळा झालो, पण माझे गाणे मध्येच तुटणे थांबले. माझा रिमोट खणात गेला आणि त्याच्यातले सेल फुटून तो कुजला. तेव्हापासून आईने “वाढवा हो” म्हटले की बाबा स्वतः उठत, वाकत आणि बटण हाताने फिरवत. “तेवढाच व्यायाम,” असे म्हणत. तो टीव्ही बिघडून गेला, त्याच्या जागी दुसरा आला, पण माझ्या डोळ्यावरची पट्टी तशीच राहिली. काळ्या काचेवर काळी पट्टी, दिसणार कुणाला?

गेल्या वर्षी बाबा गेले. त्यांनी शेवटचे फिरवले तेव्हा बटणावरची पांढरी खूण जिथे होती, तिथेच राहिली.

नंतर दादाने, म्हणजे आईच्या मोठ्या मुलाने, भिंतीवर कागदासारखा पातळ टीव्ही लावून दिला. चित्र असे की माणसाच्या पापण्या मोजाव्यात. पण त्याचे स्पीकर मागच्या बाजूला, भिंतीकडे तोंड करून. आईचे कान आता थकले होते. तिला नुसती कुजबुज ऐकू येई, शब्द कळत नसत. मी खालीच होतो, पण माझ्यापर्यंत पोचायला वाकावे लागे आणि आईचे गुडघे वाकत नव्हते. मग तिने एक युक्ती काढली. मालिका नुसती बघायची आणि संवाद स्वतःच रचायचे. “ही आता सासूला म्हणतेय, घर तुमचं असेल, पण किल्ली माझ्याकडे आहे.” ती एकटीच बोले आणि एकटीच हसे. मला ऐकवत नसे. ज्या घराला मी इतकी वर्षे आवाज दिला, त्या घरात आई मुक्यांशी बोलत होती.

दादा माणूस चांगला, पण त्याला घाई फार.

“आई, हे धूड भंगारात देऊ. लांबट पट्टीसारखा नवीन स्पीकर मिळतो, तो आणतो.”

“धूड काय म्हणतोस? तुझ्यापेक्षा वर्षानेच लहान आहे ते.”

“म्हणून तर म्हणतोय, वय झालं.”

“मग तुझं काय करायचं ते पण सांगून ठेव.”

दादा हसला, पण रविवारी टेम्पो घेऊन यायचे त्याने ठरवलेच.

त्याच आठवड्यात धाकटी रजा घेऊन आली. ही आईची मुलगी. बोलणे बेताचे, वाचन अफाट. औषधाच्या बाटलीवरचा बारीक मजकूरसुद्धा ती शेवटपर्यंत वाचते. तिने टीव्हीची माहितीपुस्तिका वाचली आणि त्यात तिला सापडले की हा टीव्ही घरातल्या दुसऱ्या यंत्रांनाही हाक मारू शकतो. त्यासाठी एक बारीक वायर लागते. तिच्या टोकाला हरभऱ्याएवढा दिवा असतो, तो त्या यंत्राच्या डोळ्यावर चिकटवायचा. मग टीव्हीचा एकच रिमोट सगळ्यांना पुरतो. ती वायर टीव्हीच्या खोक्यात, थर्माकोलच्या खाली, न फोडलेल्या पिशवीत पडून होती.

“म्हणजे मला वाकायला नको?” आईने विचारले.

“खुर्चीतून उठायलाही नको.”

“बघ बाई. मला कुणाला सारखं उठवायचं नाहीये. माझं मला ऐकता आलं पाहिजे.”

धाकटी माझ्यासमोर जमिनीवर बसली. तिने टीव्हीपासून माझ्यापर्यंत आवाजाच्या तारा जोडल्या आणि मला चालू केले. बटणावरची पांढरी खूण तिने पाहिली. तारा ओढताना तिचा हात बटणापासून लांबूनच जात होता. आवाज आला, खणखणीत. अर्धे काम झाले होते. आता मला हाक कळायला हवी होती.

आधी तिने तो हरभरा मी चालू असल्याचे दाखवणाऱ्या माझ्या लाल दिव्यावर चिकटवला. माणसांचे असेच असते, चमकेल त्याला डोळा समजतात. काहीच घडले नाही. मग पुस्तिकेतले चित्र पुन्हा पाहून तिने तो काढला आणि काळ्या खिडकीवर लावला, नेमका पट्टीच्या डोक्यावर. टीव्हीच्या पडद्यावर कंपन्यांची नावे आली. तिने माझी निवडली. टीव्ही एकेक हाक मारून पाही आणि पडद्यावर विचारी, ‘आवाज वाढला का?’ धाकटी माझ्याकडे बघे आणि ‘नाही’ दाबे. तिने त्या हरभऱ्यासमोर मोबाइलचा कॅमेरा धरला. कॅमेऱ्याला तो उजेड दिसतो. पडद्यावर जांभळट ठिपका लुकलुकत होता. म्हणजे वायर ठीक होती. यादी संपली. धाकटीने ती पुन्हा पहिल्यापासून सुरू केली आणि पुन्हा संपवली.

मित्रांनो, मला त्या वेळी जेवढे ओरडावेसे वाटले तेवढे कधी वाटले नव्हते. दुसऱ्यांचे आवाज मोठे करणारा मी, स्वतःचा एक शब्द मला काढता येईना. ‘पट्टी काढ गं, पट्टी!’ एवढेच तर सांगायचे होते.

धाकटीने फोन उचलला. “दादा, नाही होत हे. याला काही कळतच नाही. तू ने रविवारी.”

“थांब,” खुर्चीतून आई म्हणाली. “फोन ठेव जरा.”

धाकटीने ठेवला.

“त्या काचेवर पट्टी आहे. ह्यांनी लावलेली.”

“तुला माहीत होतं?”

“फडकं मीच मारायचे ना. हाताला लागायची.”

“मग मघापासून बोलली का नाहीस?”

“तू विचारलं नाहीस.” आईने पदर नीट केला. “आणि ती त्यांनी लावली होती.”

धाकटी वायर गुंडाळायला लागली. “राहू दे मग,” ती हळूच म्हणाली. “आपण दुसरं काहीतरी बघू.”

“राहू दे काय? मला नीट ऐकू यावं म्हणून लावली होती ना त्यांनी? आता तिच्यामुळेच ऐकू येत नाही, तर ठेवून काय लोणचं घालू? उचल त्याला. इथे आण, माझ्यापुढे.”

मी काही हलका नाही. धाकटीने मला तारांसकट कसाबसा ओढून स्टुलावर चढवले. आईने चष्मा सारखा केला आणि पट्टीची कड नखाने उकरली. टाके उसवायची सवय त्या बोटांना जन्मभराची. पट्टी एका ओढीत, न फाटता निघाली. चष्म्याच्या फडक्याने आईने माझी काच पुसली. इतक्या वर्षांनी पहिल्यांदा मला घर दिसले. खिडकीतला प्रकाश, टीव्हीचा पडदा आणि अगदी जवळ, चष्म्यामागचे आईचे डोळे. पट्टी तिने माझ्या पाठीवर चिकटवून टाकली. “इथे राहू दे. इथे कुणाच्या आड येत नाही.”

धाकटीने हरभरा पुन्हा लावला. टीव्हीने हाका मारायला सुरुवात केली. पहिली हाक माझ्या घराण्यातल्या कुठल्याशा नव्या पोराची होती. दुसरी कुणाची ते मला उमगले नाही. तिसरी, चौथी, कुणीच माझे नाव घेईना. मी म्हातारा, नव्या यादीत मला कोण ठेवणार, असे माझ्या मनात येते न येते तोच एक लुकलुक आली आणि मी आतून ताठ झालो. तीच! कारखान्यात शिकलेली, बाबांच्या रिमोटची. माझी मोटर गुरगुरली, अडखळली आणि फिरली.

कुणाचाही हात नसताना माझे बटण वळले. पांढरी खूण बाबांच्या जागेवरून सरकली आणि खोली आवाजाने भरून गेली.

पडद्यावर प्रश्न होता, ‘आवाज वाढला का?’ धाकटी बटणाकडेच बघत राहिली.

“अगं, विचारतोय तो. हो म्हण त्याला,” आई म्हणाली. मग स्वतःशीच पुटपुटली, “इतकं हळू नाही फिरवायचे ते.”

धाकटीने ‘हो’ दाबले.

त्या दुपारी आईने रिमोट काही खाली ठेवला नाही. वाढव, कमी कर, झोप, उठ. मी सगळे केले, एकदाही चुकलो नाही. मग तिची मालिका लागली आणि ती कानात प्राण आणून ऐकू लागली. थोड्याच वेळात तिने कपाळावर हात मारला.

“हा डॉक्टर आहे होय? मी तर इतके दिवस याला चोर समजत होते.”

“चोर कसा वाटला तुला?” धाकटीने विचारले.

“रोज येतो, आजीबाईंचा हात धरतो आणि घड्याळाकडे बघतो. मला वाटलं, तिच्या बांगड्यांवर डोळा आहे.”

धाकटी हसली. आल्यापासून पहिल्यांदाच, आणि हसता हसता तिने चष्मा काढून पुसला. आवाज कमी करू का, असे आईने विचारले नाही. उलट आणखी वाढवला.

मित्रांनो, माझे एवढेच मागणे आहे. वापरात नसलेल्या रिमोटमधले सेल आठवणीने काढून ठेवा. आणि घरातली एखादी जुनी वस्तू हाकेला ओ देत नसेल, तर ती संपली असे ठरवण्याआधी तिच्यावरून रोज फडके फिरवणाऱ्या माणसाला एकदा विचारा. आमच्या दुखण्याची जागा त्या हातांना ठाऊक असते.

रविवारी दादा आला. टेम्पोवाल्याला खाली उभा करून, बाह्या सरसावून तो दारातच थबकला. आवाज जिन्यापर्यंत जात होता.

“हे कसं काय केलंत?”

धाकटीने सांगायला तोंड उघडले, तर आई म्हणाली, “मी सांगते.” आणि तिने सांगितले. न दिसणारा उजेड, हरभऱ्याएवढा दिवा, चुकीच्या हाका, बरोबर हाक, सगळे ओळीने. दादा उभ्या उभ्या ऐकत राहिला. मग त्याने खिडकीतून वाकून टेम्पो परत पाठवला आणि आईच्या खुर्चीशी येऊन हात पुढे केला.

“बघू, मला एकदा फिरवून बघू दे ना.”

“मालिका संपल्यावर,” आई म्हणाली आणि तिने रिमोट या हातातून त्या हातात घेतला.