हाताच्या अंतरावर

तिने पाय उचलला आणि चप्पल खालीच राहिली. कुणीतरी सांडलेलं गोड पेय फरशीवर वाळून त्याचा डिंक झाला होता. पुढच्या खुर्चीची पाठ धरून, एका पायावर उभं राहून तिने चप्पल ओढून काढली, तेव्हा बोटांना चिकटा लागला. पर्समधल्या टिश्यूने तिने ती पुसली. टिश्यू टाकायला जागा मिळेना, तेव्हा तो परत पर्समध्येच ठेवावा लागला.

"बस की आता, मने," दादा म्हणाला. "सुरू होईल."

"कशावर बसू? खुर्चीवर पॉपकॉर्न आहेत. चावलेले."

दादाने ते हाताने झटकले आणि तोच हात पँटला पुसला. तिने तोंड फिरवलं.

ती दातांची डॉक्टर होती. आयुष्यभर लोकांच्या तोंडात हात घालणाऱ्या बाईने इतकं नाक मुरडावं, याची दादा नेहमी थट्टा करत असे. पण दवाखान्यात हातात मोजे असत, तोंडावर मास्क असे, आणि समोरचा माणूस दुखतंय म्हणून आलेला असे. इथे, या बंदिस्त स्टेडियममध्ये, जुन्या रॉक बँडला ऐकायला हजारो माणसं हौसेने आली होती. बहुतेक सगळी दादाच्या वयाची, साठीच्या आगेमागे. ढेरीवर ताणलेले काळे टी-शर्ट, आणि त्यांवर छापलेले बँडचे तरुण चेहरे बेंबीपाशी रुंद झालेले. तळणीचा वास, घामाचा वास, आणि दार उघडलं की मागून येणारा मुतारीचा वास. खेळ दुपारचा होता. बँडवाल्यांना आता जागरण सोसत नाही आणि ऐकणाऱ्यांनाही नाही, असं दादानेच हसत सांगितलं होतं.

दादाने तिकीट हातात ठेवलं तेव्हाच ती समजून चुकली होती की दादाला काहीतरी वदवून घ्यायचं आहे. काय, तेही ठाऊक होतं. पुढच्या रविवारी त्यांच्या चष्म्याच्या दुकानाच्या नव्या शाखेचं उद्घाटन होतं. बाबांनी सगळी हयात जुन्या दुकानात लोकांचे डोळे तपासण्यात घालवली होती. नव्या शाखेतही पहिल्या गिऱ्हाइकाचे डोळे त्यांनीच तपासावेत, पाहुण्यांसमोर, कॅमेऱ्यासमोर, असं दादाच्या मनात होतं.

बाबांना गेली चार वर्षं विसरायला होत होतं. आधी किल्ल्या, मग रस्ते, मग माणसं. दुकानातलं एक वाक्य तेवढं शाबूत राहिलं होतं. भिंगं बदलत बदलत गिऱ्हाइकाला विचारायचं ते: "हे बरं दिसतंय, की हे?" आता जेवताना दोन चमचे दोन हातांत धरून ते समोरच्याला तेच विचारत. दादाचं म्हणणं होतं, तेवढं वाक्य पुरे. तिचं म्हणणं होतं, जिवंत माणसाचं प्रदर्शन मांडत नसतात. बाबा तिच्याकडे राहत होते, त्यामुळे तिच्या होकाराशिवाय हे घडणार नव्हतं.

दिवे गेले. आरडाओरडा झाला आणि ढोल छातीत वाजायला लागले. शेजारचा टकलू गृहस्थ खुर्चीवरच चढला.

गायक आला. काड्यांसारखे पाय कातडी विजारीत कोंबलेले, केस कोळशासारखे काळे. मागच्या अवाढव्य पडद्यावर त्याचं तोंड उघडलं आणि तिची नजर सवयीने दातांवर गेली. एकसारखे, पांढरेफटक, वरून बसवलेले, आणि हिरड्यांपाशी टोप्यांच्या कडा उघड्या पडलेल्या. मधे जीभ तेवढी म्हातारी. वरच्या सुरावर त्याने तोंड मिटलं तरी सूर चालूच राहिला. लोकांना त्याचं काही नव्हतं. ते नाचत होते.

"आवाज बघ अजून," दादा तिच्या कानात ओरडला.

"त्याचा नाहीये तो," ती म्हणाली. त्याला ऐकू गेलं नाही.

दोन गाणी झाल्यावर गायकाने गर्दीचे आभार मानले आणि शहराचं नाव घेतलं. ते या शहराचं नव्हतंच. क्षणभर सगळं थबकलं, मग हशा पिकला. काय मिश्कील म्हातारा आहे, असं शेजारचा गृहस्थ म्हणाला. ती हसली नाही. बाबा तिला मावशीच्या नावाने हाक मारत, तेव्हा घरीही असाच हशा पिकायचा, आणि सगळ्यात आधी ती हसायची.

त्यानंतर तिने गाणं ऐकलंच नाही, ती फक्त बघत राहिली. पाय मंचावरच्या खुणेच्या पट्टीबाहेर जात नव्हते. डोळे सारखे खाली, बुटांपाशी, जिथे शब्द दिसण्यासाठी लहान पडदा लावला होता. आणि बास गिटारवाला. पांढऱ्या केसांचा, किडकिडीत, कुणाचं लक्ष जाऊ नये असा तो माणूस सुरुवातीपासून गायकाच्या हाताच्या अंतरावर उभा होता. गायक डावीकडे सरकला की हाही सरके. एकच कडवं गायक तिसऱ्यांदा म्हणायला लागला, तेव्हा बासवाल्याने वाजवता वाजवता दोन बोटं त्याच्या कोपराला लावली. गायक पुढच्या कडव्यावर गेला.

मग एका गाण्याच्या मधोमध गायकाने लोकांकडे पाठ केली. पडद्याखालच्या कॅमेऱ्याने टिपलेला स्वतःचा चेहरा तो मान वर करून पडद्यावर बघत राहिला. शब्द राहून गेले. बाकीचे वाजवत होते. त्याने अदबीने हात वर केला, ओळख नसलेल्या माणसाला करावा तसा, आणि पडद्यावरच्या म्हाताऱ्यानेही हात वर केला. अख्खं स्टेडियम उठून ओरडलं.

गेल्या महिन्यात बाबांनी बेसिनवरच्या आरशाला सांगितलं होतं, "बसा, आलोच."

त्या गायकाची तिला शिसारी आली, त्याला रंगवून उभं करणाऱ्यांची आली, शिट्ट्या मारणाऱ्या त्या टकल्याची आली. बासवाल्याने गायकाला खांद्याला धरून हळूच लोकांकडे वळवलं. जणू दोघांचं ठरलेलंच होतं, अशा ऐटीत बासवाल्याने स्वतः वाकून अभिवादनही केलं. याचीच तिला सगळ्यात जास्त किळस आली.

तिने दादाची बाही ओढली.

"हेच करायचंय ना तुला बाबांचं?"

दादाचे डोळे ओले होते. तो टाळ्या वाजवत नव्हता. माइक आता लोकांकडे वळला होता आणि लोक गात होते. मधे उभा तो म्हातारा तोंड उघडं टाकून ऐकत होता. तो खूश आहे की नुसता उभा आहे, हे तिला एवढ्या मोठ्या पडद्यावरही कळेना.

"चल," ती म्हणाली. "मला ओकारी येईल."

बाहेर अजून ऊन होतं. लवकर निघणारे तेच दोघे नव्हते, त्यामुळे गाडी वाहनतळाच्या रांगेत अडकली. तिने हाताला जंतुनाशक चोळलं, मग पुन्हा चोळलं. दादा काचेतून समोर बघत होता.

"काय ते बोलून टाक," ती म्हणाली. "गुळमुळीत नको. माझं उत्तर नाही असंच आहे. बघितलंस ना आत? दोन बोटं लावून चालवत होते त्याला, यंत्रासारखं."

"बघितलं."

"कधी?"

"दुसऱ्या गाण्यालाच. बाबा तुझ्याकडे राहायला यायच्या आधी मीही तसाच उभा राहायचो दुकानात, त्यांच्यामागे. गिऱ्हाइकांना वाटायचं, मुलगा काम शिकतोय." तो थोडा हसला. "पन्नाशी उलटल्यावर."

हे त्याने तिला कधी सांगितलं नव्हतं. ती बाटलीचं झाकण लावत राहिली.

"सकाळी मी बाबांची दाढी करत होतो ना," दादा म्हणाला, "तेव्हा सहज विचारलं. रविवारी बसाल का खुर्चीत?"

"मग?"

"म्हणाले, तिला विचार. ती नाहीच म्हणेल. तिला माझी लाज वाटते."

मागच्या गाडीने हॉर्न दिला. पुढची रांग सरकली होती, दादाने गाडी हलवली नव्हती.

"काहीही बोलतात ते हल्ली," ती म्हणाली. "तुला माहीत आहे. कालच मला म्हणाले, बाई, तुमचा नंबर वाढलाय."

"हो."

"लाज कसली? मी त्यांना अंघोळ घालते. मी त्यांची..." कुणी आलं की ती बाबांना आतल्या खोलीत नेऊन बसवायची, दार लोटून घ्यायची, आणि त्यांना गोंगाट सोसत नाही असं सगळ्यांना सांगायची. गोंगाटाची तक्रार बाबांनी कधी केली होती, ते तिला आठवेना.

"तुला कोण समजून बोलले असतील, कुणास ठाऊक," ती म्हणाली.

दादाने गिअर टाकला. "मला नावाने हाक मारली त्यांनी, मने. दोन वर्षांनी."

गाडी सावकाश पुढे सरकली. मागे आत पुन्हा आरोळी उठली, बहुतेक शेवटचं गाणं असावं. तिने काच वर केली.

"रविवारी त्यांच्या बाजूला कोण उभं राहणार आहे?" तिने विचारलं.

"ते मी अजून ठरवलेलं नाही," दादा म्हणाला.