नत्थूजी मशीनवाल्यांचा नवा पत्ता

नत्थूजींचं दुकान म्हणजे नागपूरच्या सीताबर्डीतल्या एका बोळातली आठ फुटांची खोली, पण त्या खोलीचा मान मोठा होता. शिलाई मशीन दुरुस्त करावं तर नत्थूजींनीच, असं बायका एकमेकींना सांगत. शहरातल्या तर येतच, पण काटोलकडच्या खेड्यांतल्याही येत. पायाने चालवायचा स्टँड घरी ठेवायचा, वरचं लोखंडी मशीन तेवढं सोडवून जुन्या लुगड्यात गुंडाळायचं आणि यष्टीत लेकरासारखं मांडीवर घेऊन बसायचं. एवढं ओझं घेऊन दोन तास हाडं खिळखिळी करून घेणारी बाई उगाच येत नाही. नत्थूजींना याचा अभिमान होता आणि तो लपवायची त्यांना कधी गरज वाटली नाही. आपल्या हाताला गुण आहे, हे लोकांनी म्हणायच्या आत ते स्वतःच म्हणून मोकळे होत.

एकोणऐंशी साली मालकाने बोळातली इमारत पाडून नवी उठवायचं ठरवलं आणि नत्थूजींना जागा सोडावी लागली. धरमपेठेत दुकान मिळालं. जुन्यापेक्षा दुप्पट मोठं, दोन बाजूंनी उजेड, मागे नळ. नत्थूजी खूश झाले. त्यांच्या बायकोने, पुष्पलताबाईंनी, एवढंच विचारलं की सामान तर टेम्पोत घालून नेता येईल, पण गिऱ्हाईक कशात घालून न्यायचं? नत्थूजी हसले. सूर्य कुठेही उगवला तरी लोकांना दिसतो, असं काहीसं ते बोलले. नवरे असं काहीबाही बोलतात आणि बायकांना ते ऐकून घ्यावं लागतं.

तरी खबरदारी म्हणून त्यांनी पत्र्याची पाटी रंगवून घेतली. 'नत्थूजी मशीनवाले येथून धरमपेठेत गेले', खाली पत्ता, बाजूला बाण. ती त्यांनी जुन्या दुकानाच्या भिंतीला चांगले चार खिळे मारून ठोकली. भिंत पाडायची होती म्हणून तर दुकान सोडलं होतं, हे पाटी ठोकताना त्यांच्या लक्षात आलं नाही, आणि साऱ्या बर्डीत त्यांना हुशार म्हणत होते. तिसऱ्या आठवड्यात भिंत गेली, भिंतीबरोबर पाटी गेली. शेजारचा पानठेलेवाला रुपराव येणाऱ्या-जाणाऱ्याला पत्ता सांगत असे, त्यालाही ठेला उचलून दुसरीकडे जावं लागलं. जुन्या जागी एक खड्डा उरला.

धरमपेठेत काम आलं, नाही असं नाही. साहेब लोकांच्या बायका नोकराच्या हाती मशीन पाठवत आणि त्यात बहुतेक वेळा सुई उलटी बसवलेली असे. पण काटोलकडून दोन महिन्यांत एक बाई आली नाही. ऐन लग्नसराई तोंडावर आली होती. दरवर्षी या दिवसांत दुकानात पाय ठेवायला जागा नसे, आणि निम्मं काम तिकडचंच असे. नत्थूजी दुपारी दारात उभे राहून रस्त्याकडे पाहू लागले. हाताला गुण तोच होता, हातही तेच होते, मग झालं काय, हे त्यांना कळेना. रात्री जेवताना ते पुष्पलताबाईंना म्हणाले, की लोक इतक्या लवकर विसरतात असं वाटलं नव्हतं. पुष्पलताबाई म्हणाल्या, "विसरले कशावरून? त्यायले तुमच्याकडे पाठवत कोन होतं, ते तरी तुमाले ठाऊक हाये का?"

नत्थूजींना ते ठाऊक नव्हतं. एकवीस वर्षांत त्यांनी कधी विचारलंच नव्हतं.

मार्चच्या पहिल्या आठवड्यात एक वच्छला नावाची बाई घामाघूम होऊन दुकानात शिरली आणि लेकराएवढं गाठोडं तिने टेबलावर ठेवलं. अर्धा दिवस ती बर्डीत फिरली होती. खड्ड्यापाशी कुणीतरी तिला दुसऱ्याच कारागिराकडे नेऊन बसवलं होतं, पण ती तिथून उठली आणि विचारत विचारत इथवर आली. नत्थूजींनी तिला पाणी दिलं, पंखा तिच्याकडे वळवला आणि मशीन उघडायच्या आधी पहिला प्रश्न केला, की माझं नाव तुला कोणी सांगितलं? ती म्हणाली, काटोलच्या स्टँडवर संत्री विकणारी सुभद्राबाई आहे, तिने. नुसतं मलाच नाही, आमच्या गावातल्या चौघींना तिनेच सांगितलं. स्टँडवर उतरणाऱ्या-चढणाऱ्या साऱ्या बायका तिलाच विचारतात, आणि मशीनचं विचारलं की ती एकच नाव सांगते.

नत्थूजींनी खूप आठवून पाहिलं. सुभद्राबाई नावाची कुणी गिऱ्हाईक त्यांना आठवेना. ते मनातून सुखावलेही. आपली कीर्ती आपल्याला ठाऊक नसलेल्या माणसाच्या तोंडी आहे, याहून गोड काय असतं? त्यांनी नव्या पत्त्याची शंभर कार्डं छापून घेतली, पुष्पलताबाईंनी एक चांगलं लुगडं आणून दिलं आणि पुढच्या मंगळवारी ते काटोलच्या यष्टीत बसले.

सुभद्राबाई त्यांना लगेच सापडली. पन्नाशीची, काळीसावळी, कपाळ मोकळं. समोर टोपल्यात संत्री. नत्थूजी जरा लांब उभे राहून पाहत राहिले. एका म्हाताऱ्याला तिने डोळ्याच्या डॉक्टरचं घर सांगितलं, एका पोरीला नरखेडची गाडी दाखवली, एकीला सांगितलं की त्या दुकानातून कापड घेऊ नको, पहिल्या धुण्यात रंग जातो. फळं कमी आणि पत्ते जास्त, असा तो धंदा होता. नत्थूजी पुढे झाले आणि त्यांनी आपलं नाव सांगितलं.

तिने मान वर करून त्यांच्याकडे पाहिलं. "बर्डीचे नत्थूजी? मशीनवाले?" मग हसून म्हणाली, "तुमी मले ओयखलं नाई."

तिने मग स्वतःच सांगितलं. एकवीस वर्षांपूर्वी नवरा गेल्यावर तिच्यापाशी एक विलायती मशीन तेवढं उरलं होतं. चोळ्या-झंपर शिवून ती दोन लेकरांचं पोट भरायची. एक दिवस मशीनचं चाक फिरेना. नागपुरात दोघा कारागिरांकडे नेलं. एकाने महिनाभर ठेवून घेतलं, दुसऱ्याने उघडून आणखी बिघडवलं, पैसे दोघांनीही घेतले. तिसरे नत्थूजी. त्यांनी तासभर मशीन उलटंसुलटं करून पाहिलं आणि सांगितलं, की बाई, याचा जीव गेला, आता यावर खर्च करू नका. वर तिला चहा पाजला आणि एक पैसा घेतला नाही. सुभद्राबाईने ते मशीन भंगारात दिलं. काही वर्षं लोकांच्या शेतात निंदायला गेली, मग टोपलं घेऊन स्टँडवर बसली.

"तवापासून साऱ्यायले सांगून राहिली," ती म्हणाली. "जो मानूस नाई म्हनते, तो फसवत नाई."

नत्थूजींच्या डोळ्यांत पाणी यायचं बाकी होतं. पिशवीतलं लुगडं काढायला त्यांनी हात घातला, आणि सवयीने, कारागिराच्या जिभेला जी खाज असते तिच्यामुळे, विचारलं, "चाक काहून फिरे नाई? काही घातलं होतं का त्यात?"

"काही नाई जी. तेलच तं घातलं. घरातलं, जवसाचं. मंग लेकरू बीमार पडलं, पंधरा दिस मशीनले हात लावला नाई. पाह्यलं तं दगड झालं होतं."

नत्थूजींचा हात पिशवीतच राहिला.

जवसाचं तेल विदर्भात घरोघरी असतं. भाजीला चांगलं, पण मशीनला वैरी. वाळलं की डिंकासारखं घट्ट होतं आणि आतले सारे सांधे धरून ठेवतं. असं मशीन मेलेलं दिसतं, पण मेलेलं नसतं. दोन दिवस रॉकेलमध्ये बुडवून ठेवायचं, जरा शेक द्यायचा, हलक्या हाताने चाक मागेपुढे करायचं, की ते सुटतं. हे नत्थूजींना त्रेसष्ट साली कळलं, तेही योगायोगाने, आणि त्यानंतर अशी कितीतरी दगड झालेली मशीनं त्यांनी जिवंत केली. त्यांचं नाव झालं ते त्याच कामावर. पण अठ्ठावन्न साली दुकान उघडून त्यांना जेमतेम आठ महिने झाले होते. त्यांना काही कळलं नव्हतं. 'मला कळत नाही' हे शब्द नव्या दुकानदाराच्या तोंडून निघेनात, म्हणून त्यांनी मशीनचा जीव गेल्याचं सांगितलं होतं. पैसे घेतले नाहीत ते प्रामाणिकपणाने नव्हे, बाई लवकर जावी म्हणून.

सुभद्राबाई विचारत होती, की आता दुकान कुठे नेलं, बायका येऊन विचारतात. खिशात शंभर कार्डं होती. एक काढून द्यायचं, दोन शब्द गोड बोलायचे आणि तीनच्या गाडीने परत जायचं, एवढंच काम होतं. न सांगितल्याने कुणाचं काही बिघडणार नव्हतं. जे बिघडायचं ते एकवीस वर्षांपूर्वीच बिघडून गेलं होतं. आणि सांगितलं तर ही बाई उद्यापासून याच जागी बसून काय सांगेल, याचा नेम नव्हता. निम्मं काम, सारं नाव, या एका टोपल्यापाशी होतं. एक यष्टी आली, भरली, गेली.

मग ते तिच्यासमोर खाली बसले आणि त्यांनी सारं सांगितलं. जवसाचं, रॉकेलचं, स्वतःच्या अज्ञानाचंही सांगितलं, काही हातचं राखलं नाही.

सुभद्राबाई संत्री रचत होती. तिचे हात थांबले नाहीत, पण एकच फळ ती तीनदा उचलून तिथेच ठेवत होती. बऱ्याच वेळाने तिने विचारलं, "म्हंजे ते चाललं असतं?"

"चाललं असतं."

"किती वर्सं?"

नत्थूजींना खोटं बोलावंसं फार वाटलं. ते म्हणाले, "आजही चालून राहिलं असतं, बाई."

एक गिऱ्हाईक आलं, तिने त्याला चार संत्री निवडून दिली, पदराने तोंड पुसलं. नत्थूजी म्हणाले, चूक झाली, फार मोठी चूक झाली. 'जाऊ द्या जी' असं ती म्हणेल, अशी त्यांना आशा होती. ती तसं म्हणाली नाही. लुगड्याची पिशवी त्यांनी पुढे केली, ती तिने हातानेच मागे सारली. नत्थूजींना स्वतःची लाज वाटली.

"दुकान कुठं हाये आता?" तिने शेवटी विचारलं.

त्यांनी धरमपेठेतली वाट सांगितली. तिने दोनदा सांगायला लावली आणि मग म्हणाली, "गुरुवारी येतो मी. दिवसभर बसतो तिथं. एकवीस वर्सं न पाहता सांगतलं, आता पाहून सांगीन."

परतीच्या यष्टीत नत्थूजी गुरुवारचाच विचार करत होते. टेबलावर एखादं सोपं मशीन ठेवावं, तिच्यादेखत दहा मिनिटांत चालू करून दाखवावं, असं कळमेश्वरपर्यंत त्यांचं ठरलं होतं. दुकानात चार-पाच तशी पडलीही होती. उलट वच्छलाचं मशीन उघडून चार दिवस झाले होते आणि त्याचा टाका मधेच का सुटतो, याचा त्यांना थांग लागत नव्हता. गुरुवारी ते आतल्या बाजूला ठेवून द्यायला हवं होतं. घरी आल्यावर त्यांनी पुष्पलताबाईंना सारं सांगितलं. त्या ऐकत राहिल्या. कुठलं मशीन बाहेर ठेवावं, हे काही त्यांनी सांगितलं नाही.

गुरुवारी अकराच्या सुमाराला सुभद्राबाई आली. पुष्पलताबाईंनी आणलेला चहा तिने घेतला, दुकान चहूबाजूंनी न्याहाळलं आणि स्टूल टेबलापाशी घेऊन बसली. टेबलावर एकच मशीन होतं, सारे भाग सुटे करून कापडावर मांडलेलं.

"याले काय झालं?" तिने विचारलं.

नत्थूजींनी हातातला पेचकस खाली ठेवला. "सहा दिवस झाले पाहून राहिलो," ते म्हणाले. "मले अजून समजून नाई राहिलं."

सुभद्राबाई त्यांच्या तोंडाकडे बघत राहिली. मग तिने स्टूल आणखी जवळ ओढलं.

"मंग पाहा," ती म्हणाली. "मी बसली हाये."