धुतलेला बर्फ

आमच्या घरात रागाचा तुटवडा कधीच नव्हता. माझी आई, गंगूबाई, पातूरच्या आमच्या मळ्यात उभी राहून ओरडली की रस्त्यानं जाणारा गाडीवान आपलंच काही चुकलं असं समजून बैल थांबवायचा. तो राग मीही उचलला आणि अकोल्याला मुलींच्या शाळेत मास्तरीण झाल्यावर पुरेपूर वापरला. माझा भाऊ सहदेव मात्र वडिलांवर गेला. तो कोणावर रागावत नाही, नुसता टरबुजांच्या वेलांत जाऊन बसतो.

अडतीस सालच्या वैशाखात मी सुट्टीला घरी आले, तेव्हा तो तिथंच बसलेला सापडला. वहिनीला, म्हणजे जयवंताला, पाचवा महिना लागला होता आणि तिच्या पोटात काही टिकत नव्हतं. भाकरीच्या वासानंच तिला उमासे यायचे. आदल्या वर्षी सहाव्या महिन्यात तिचं मूल गेलं होतं, त्यामुळे सगळ्यांचाच जीव टांगणीला लागला होता. त्यात चांदूर रेल्वेहून तिच्या वडिलांचं, नत्थुजींचं, कार्ड आलेलं. पोरगी जेवत नसेल तर शनिवारी येऊन घेऊन जातो, असं त्यांनी लिहिलं होतं. भर उन्हात आधी मोटार आणि मग आगगाडी. हा प्रवास तिला झेपेल असं कोणालाच वाटत नव्हतं. पण "जाऊ नको" म्हणायचा मान आईचा, आणि आई गप्प होती.

गुरुवारी संध्याकाळी मी वहिनीजवळ बसले.

"खरं सांग, तुले काय खावंसं वाटते?"

"हसान तुमी, बाई. अकोल्याच्या जत्रेत यायनं मले बर्फाची कांडी घेऊन देल्ली होती. तसं कायतरी थंड पायजे वाटते."

"मंग सांगितलं काहून नाही?"

"कोणाले सांगू?" तिनं आईच्या चुलीकडे नजर टाकली. "आत्याबाई माह्याशी बोलतच नाहीत. आधी दिवसातून धा वेळा वरडत होत्या. पोरगं गेलं तवापासून एका शब्दानं रागावल्या नाहीत. पाव्हणी असल्यासारख्या वागवतात. मले समजते, बाई. मी त्याइच्या मनातून उतरली. मंग बापाकडे गेलेलं काय वाईट?"

मी उठले ती थेट मळ्यात सहदेवला शोधायला गेले.

शुक्रवारी पहाटेच्या मोटारीनं सहदेवला अकोल्याला पिटाळलं. दुपारपर्यंत तो बर्फाची लादी घेऊन आला. लादी भुशात घातलेली, वर गोणपाट, आणि भाऊ कमरेपर्यंत ओलाचिंब. मी सकाळपासून म्हशीचं दूध आटवत बसले होते. त्यात खडीसाखर आणि वेलदोडे घातले, सहदेवनंच अकोल्याहून आणलेल्या टिनाच्या सहा साच्यांत भरलं आणि प्रत्येकात सोललेल्या तुराटीची काडी उभी केली. झाकणं कणकेनं लिंपली. मग घंगाळात फोडलेला बर्फ, त्यात साचे, आणि वर ओंजळी-ओंजळीनं खडेमीठ.

"दीड घंटा याले कोणी हात लावाचा नाही," असा वर्गातल्यासारखा हुकूम सोडून मी वहिनीचे पाय चेपायला गेले.

दीड तासानं मोठ्या ऐटीत पहिलं झाकण उघडलं. आत दूध. दुसऱ्यात दूध. सहाही साच्यांत गार, गोड, पातळ दूध, आणि त्यात तुराट्या एका बाजूला कलंडलेल्या. घंगाळातला बर्फ निम्म्यावर आलेला आणि मिठाचा एक खडा दिसेना.

"मीठ कुठं गेलं?"

आई चुलीपाशी पाठमोरी बसली होती. "काढून टाकलं."

"आन् बर्फ एवढा कमी कसा झाला?"

"धुतला. मिठाचा हात लागला होता त्याले. तीन पाण्यानं धुऊन घेतला."

बर्फ धुतला! पातूरपासून अकोल्यापर्यंत असा पराक्रम कोणी केला नसेल. मी जी सुटले ती सुटलेच. मिठाशिवाय दूध गोठत नाही, ते बाहेर असतं, दुधात जात नाही, एवढं चौथीतल्या पोरीलाही कळतं, पण तुझ्यासारख्या अडाणी बाईला कोण सांगणार, असं बरंच काही बोलले. शेवटी म्हणाले, "तुले जयवंता घरात नकोच आहे, म्हणून केलं तू हे!"

आई वळली. ती ओरडेल म्हणून मी कंबर कसून उभी होते. पण तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. आईला रडताना मी वडील गेले तेव्हाच पाहिलं होतं.

"दुधाजवळ मीठ आणू नाही, पारबते. गाईचा पान्हा आटते, वासरू दगावते. मायनं सांगितलं होतं मले. तरी मागच्या साली माह्याच हातून झालं."

"काय झालं?"

"दिवेलागणीची येळ होती. जयवंताच्या गिलासात खडीसाखर समजून मी मिठाचे खडे टाकले. बरणीत पाहिलं तवा समजलं. धावत गेली, तं गिलास रिकामा. आन् चार दिवसानं पोरगं गेलं." तिनं पदर तोंडाला लावला. "कोणत्या तोंडानं तिले रागावू मी? कोणत्या तोंडानं म्हनू का राहाय माह्याजवळ?"

मला माझी लाज वाटली. मास्तरीण म्हणून मी तिला समजावायला हवं होतं की चिमूटभर मिठानं मूल जात नाही. पण वर्षभर ती जे एकटीनं उरावर घेऊन फिरत होती, ते माझ्या पुस्तकी बोलण्यानं उतरलं नसतं. मी तिच्याजवळ जमिनीवर बसले आणि तिचा हात धरला. सहदेव दारात उभा होता. तो एकदा आईकडे आणि एकदा घंगाळाकडे पाहत होता.

डोळे पुसून आईच आधी भानावर आली. घंगाळात डोकावून तिनं विचारलं, "पन्ह्यात तं मीठ चालते ना?"

"चालते की."

"मंग कांडी दुधाचीच काहून पायजे? पन्ह्याची कर."

इतकं शिकून हे मला सुचलं नव्हतं. सहदेवनं कैऱ्या उतरवल्या, आईनं त्या उकडून गूळ घातला, पन्हं माठाच्या पाण्यात ठेवून निववलं. साचे धुऊन भरले. या वेळी बर्फावर मीठ आईनं स्वतःच्या हातानं घातलं आणि तासभर घंगाळ हलवत बसली. मला तिनं जवळही येऊ दिलं नाही.

साचा हातात धरून चोळला तेव्हा पहिली कांडी सुटली. पिवळसर हिरवी, वर धुक्यासारखा पांढरा थर. वहिनी कधीची भिंतीला टेकून उभी होती. आमचं सगळं बोलणं तिनं ऐकलं असणार. तिनं कांडी चाटली, डोळे मिटले, आणि मग लहान पोरीसारखी कुरूम-कुरूम चावून काडीपर्यंत साफ केली. आम्ही तिघं तिच्या तोंडाकडे पाहत बसलो. बराच वेळ गेला, उमासा आला नाही. तिनं दुसरीसाठी हात पुढे केला.

दुसरी हातात घेऊन ती आईसमोर बसली.

"आत्याबाई, थे गिलासातलं दूध मी पेलीच नव्हती. एक घोट घेतला तं खारट लागलं. तुमी रागवान म्हणून गपचूप गोठ्यामागं ओतून देल्लं."

ते दूध तिनं खरंच ओतलं होतं का, हे मी तिला पुढं कधीच विचारलं नाही. आईनं पदर कमरेला खोचला. मग वर्षभर न ऐकलेला तो आवाज घरभर घुमला.

"ओतून देल्लं? गिलासभर दूध मातीत? आन् वरीसभर तोंडातून शबूद नाही काढला? काय अक्कल-बिक्कल हाये का नाही वो तुले? येऊ दे उद्या नत्थुजीले, सांगतोच मी त्याइले. म्हणा, तुमच्या पोरीले काडीचं वळण नाही, तिले नीट वळण लागल्याशिवाय मी पाठवत नसतो!"

सहदेव तोंड लपवून हसत होता. वहिनीनं मान खाली घातली होती, आणि तिचे खांदे हुंदक्यांनी हलत होते.

"आता रडून काय राह्यली?" आई कडाडली. "खाय आधी, वितळून राह्यली थे!"