कार्तिकात काढलेलं इरलं

मी एक जुनं इरलं आहे. मित्रांनो, तुमच्यापैकी कितीजणांनी मला पाहिलं असेल कोण जाणे, म्हणून आधी माझं रूप सांगतो. बांबूच्या कामट्यांची दुहेरी जाळी, तिच्यामध्ये दाबून बसवलेली पळसाची पानं, आणि आकार उपड्या होडीसारखा. मला डोक्यावर घेतलं की पाठ झाकली जाते आणि दोन्ही हात मोकळे राहतात. ते मोकळे हात तेवढे लक्षात ठेवा. माझा सगळा तोरा त्यांच्यावर आहे.

मला विणलं केसर कातकरणीने, चौलच्या मागच्या डोंगराखाली. अठ्ठावीस साली मुंबईच्या गिरण्यांचा तो लांबलेला संप झाला, त्याच्या आदल्या सालची गोष्ट. माझी मालकीण मनुबाई मला न्यायला आली तेव्हा केसर म्हणाली, "पाऊस सरला का याला धुरात टांग. न्हायतर वाळवी खाईल." मनुबाईने तो शब्द पाळला, आणि तिथूनच माझं अज्ञान सुरू झालं.

कारण मला वर्षाचे दोनच ऋतू ठाऊक झाले, पाऊस आणि धूर. मृग लागला की मनुबाई मला चुलीवरच्या वाशावरून काढायची. लावणीला बाया वाकून मागे मागे सरकत चिखलात रोपं खोवायच्या, आणि मी मनुबाईच्या पाठीवर बसून सगळं पाहायचो. "या इरल्यानं माझी पाठ राखली," असं ती शेजारणींना सांगायची, तेव्हा मी फुगून जायचो. मग भात पोटरीला यायचं, पाऊस ओसरायचा आणि माझी रवानगी पुन्हा धुरात. पुढे त्या हिरव्या रोपांचं काय होतं? देवाशपथ, मला माहीत नव्हतं. गुरं खात असतील असं वाटायचं. दसऱ्याच्या सुमाराला खाली गलबला व्हायचा. "दाराला नवं बांधलं का? नांगराला बांधलं का?" हे नवं म्हणजे काय, तेही धुरामुळे कधी दिसलं नाही.

एका साली मात्र सगळाच घोळ झाला. मनुबाईचा नवरा बाळाजी मुंबईला गिरणीत कामाला होता. कापणीसाठी तो आगबोटीने घरी आला, तो काळी छत्री घेऊन. छत्री खुंटीवर विराजमान झाली. खाली चुलीशी रोज चमत्कारिक बोलणी चालायची. "आज दव लई पडलं," मनुबाई म्हणायची. मी बुचकळ्यात पडायचो. पडलं, तर मग मला कसं काढलं नाही? पडणारी वस्तू मला एकच ठाऊक होती. "पाणी कडत कर, अंग काकडलंय," बाळाजी म्हणायचा. पावसाळाभर अंगावर पाणी येऊ नये म्हणून धडपडणारी ही माणसं आता पाणी तापवून आपणहून अंगावर ओतून घेत होती. यांना झालंय तरी काय, ते मला कळेना.

एका सकाळी बाळाजीने मान वर केली. "न्हाणीच्या चुलीला जळण न्हाय. ते इरलं काढ की. कामट्या कडकडीत वाळल्यात. आता छत्री हाय आपल्याकडं."

मनुबाई नको म्हणाली नाही. "सांच्याला बघू," एवढंच म्हणाली. मी भ्यालो. तिच्या पाठीवर इतके पावसाळे काढले, आणि शेवटी सांच्याला बघू.

दुपारी ती दारातून बोलली. "अवो, भात उचलाया पायजे. या दिसांत सकाळचा वारा डोंगराकडनं येतो. आज दर्याकडनं आलाय."

"कार्तिकात कुठला पाऊस? मळभ हाय, जाईल. भाताला अजून ऊन खाऊ दे."

कापलेलं भात खाचरात वाळत पसरलं होतं. घरची वर्षाची पेज आणि पुढच्या मृगाचं बी, दोन्ही त्यातच. भिजलं तर दाण्याला कोंब फुटणार, म्हणजे ना खायला ना पेरायला. हे मला मागाहून समजलं. तेव्हा नुसता तिचा आवाज ऐकला, आणि तो घाबरलेला होता.

कौलांवर थेंब वाजले. मनुबाईने मला खसकन ओढलं. मी म्हटलं, संपलं, निघालो न्हाणीला. पण तिने मला डोक्यावर घेतलं आणि धावत सुटली. मग म्हटलं, मृग आला! पण हा कसला मृग? बेडूक गप्प, जमीन टणक, आणि वारा असा गार की माझ्या कामट्या थरथरल्या. खाचरात हिरवं काही नव्हतं. सगळं पिवळं, आडवं पडलेलं. बाया मागे सरकत नव्हत्या, पुढे धावत होत्या. खोवत नव्हत्या, उचलत होत्या. आपणच लावलेलं आपणच गोळा करून नेतायत, गावाला चळ लागला, असंच मला वाटलं.

मनुबाई वाकून भारा कवेत घेई आणि पाठीवरचा मी तिच्यासकट भाऱ्यावर ओणवा होई. मागून बाळाजी आला. एका हातात छत्री, दुसऱ्या हातातून निसटणारी पेंढी. वाऱ्याने छत्री उलटी केली. आधी छत्री सुलटी करावी की भात सावरावं, हे न कळून तो मध्येच उभा राहिला.

"ती टाका वो," मनुबाई म्हणाली, "अन् भारे धरा."

त्याने टाकली. मग मात्र तो बैलासारखा राबला. पडवी भरली, ओटी भरली, देवापुढे बसायला जागा उरली नाही. बांधाकडचा एक कोपरा तेवढा भिजला. धुराने कडक झालेली माझी पानं तडकली होती, आणि मनुबाईच्या मानेवर पाण्याची धार लागली होती. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

सांच्याला दोघंही कुडकुडत होती. आता कढत पाणी खरंच हवं होतं, आणि मी समोर कोपऱ्यात निथळत पडलो होतो. बाळाजीने माझ्याकडे पाहिलं. मग खाचरातून आणलेल्या मोडक्या छत्रीचा लाकडी दांडा उपसून त्याने चुलीत सारला.

मनुबाईने भाऱ्यातून एक लोंबी ओढली आणि आंब्याच्या पानासोबत ती माझ्या कामटीला वाखाच्या दोऱ्याने बांधू लागली.

"आता कसलं नवं?" बाळाजी म्हणाला. "दसऱ्याला बांधलं न्हाय का?"

"दाराला बांधलं, नांगराला बांधलं. याला राहिलं. दर साली राहिलं."

तेव्हा मला कळलं, मित्रांनो. नवं म्हणजे नव्या भाताची लोंबी, आणि ती लोंबी म्हणजे आमचं हिरवं रोप होतं. मी ते लावताना इतक्यांदा पाहिलं, आणि त्याचा दाणा त्या दिवशी पहिल्यांदा अंगाला लागला. मला रडू आलं, पण मी आधीच भिजलेलो, कोणाला समजणार?

आता माझी पानं झडलीत. मी कोंबड्यांच्या खुराड्यावर पडून असतो. ती लोंबी कोंबड्यांनीच टिपून खाल्ली. हिवाळा म्हणजे नक्की काय, ते मला अजून नीट उमगलेलं नाही. माझं मागणं एवढंच, तुमच्या घरी नवं बांधाल तेव्हा एकदा मान वर करून धुराकडे बघा. तिथे कोणी टांगलेलं असेल. आपण कशासाठी भिजलो, हे त्याला अजून कोणी सांगितलेलं नसेल.