दहा मिनिटांचा थांबा

साहेबांच्या सेक्रेटरी बाईंनी माउस तीनदा आपटला, तरी 'थांबलेल्या मेल' हा कप्पा काही सापडेना.

"तो आता नाही, बाई," केबल गुंडाळत तंत्रज्ञ म्हणाला. "जुनं सॉफ्टवेअर बंद झालं ना, काल रात्रीच सगळं नव्यावर आणलं. जुनं प्रत्येक मेल दहा मिनिटं अडवून ठेवायचं, कशाला कोण जाणे! आता साहेबांनी बटण दाबलं की मेल गेली."

सकाळपासून बाईंचा संगणक अडवून बसलेला तो पिशवी उचलून गेला. 

बिजागऱ्यांच्या त्या कारखान्याचे साहेब म्हणजे जमदग्नीचा अवतार. डोकं फिरलं की मेलमधून आग ओकत. मधली दहा मिनिटं बाईंची. अकरा वर्षं त्या गुपचूप 'नालायक' खोडून 'आदरणीय' लिहीत आल्या होत्या, आणि एक गिऱ्हाईक तुटलं नव्हतं. साहेबांना याचा पत्ताही नाही, अशी बाईंची समजूत होती.

त्यांनी आज गेलेल्या मेल उघडल्या. एकच होती, सकाळी नऊची. साहेबांच्या थोरल्या भावाला.

सहा वर्षांचा अबोला मोडून दादांनी काल लिहिलं होतं, 'बुधवारी हृदयाचं ऑपरेशन आहे. आलास तर धीर येईल.'

साहेबांचं उत्तर: 'मरायला टेकल्यावर भाऊ आठवला होय? येणार नाही. तू मला कधीच मेलास.'

त्याखाली दादांची एकाच शब्दाची मेल आलेली होती. 'बरं.'



तेवढ्यात साहेब दार ढकलून आत आले. हातात प्रवासाची बॅग. उगाच कॅलेंडरची पानं उलटून पाहिली, खाकरले.

"बाई, दादाला काय कळवलंत?"

"मी?"

"सकाळी माझं डोकं ठिकाणावर नव्हतं. तुम्ही नेहमीसारखं नीट केलंच असेल." त्यांनी नजर चुकवली. "येतो म्हणून लिहिलंत ना? दुपारची गाडी आहे माझी."

 बाईंनी स्क्रीन साहेबांकडे वळवली, पण 'बरं'वर आपला तळहात ठेवला.

साहेबांनी चष्मा चढवला. वाचलं. परत वाचलं.

"हे... असंच गेलं?"

बाईंनी मान डोलावली.

साहेबांनी बॅग खाली ठेवली, खुर्ची ओढून बाईंपुढे सरकवली.

"बसा, बदला ना," ते अगदी हळू म्हणाले. "अजून दहा मिनिटं झाली नसतील."

भिंतीवरच्या घड्याळात अकरा वाजून गेले होते.