अंधार म्हणजे रिकामी खोली

“आता हे सांगितलं तर तू म्हणशील म्हातारा थापा मारतोय,” खोक्याच्या तोंडावर चिकटपट्टी ओढत बंडलकाका म्हणाले, “पण तुझ्या बाबांनी या ऑफिसातल्या चाळीस माणसांना झाडांसारखं डोलायला लावलं. वारा नाही, वादळ नाही, आणि माणसं आपली बसल्या जागी डुलतायत!”

पट्टी कडेला सुरकुतली. त्यांनी ती नखाने सोडवली आणि पुन्हा लावली. समोरच्या खुर्चीत साहेबांची मुलगी बसली होती. तिच्या मांडीवर बापाचा चष्मा होता. सकाळच्या गाडीने ती आपल्या गावाहून आली होती. कंपनीच्या मॅडमनी तिला दहा मिनिटं दिली, सहीशिक्क्याचं एक पत्र दिलं, “काका तुम्हाला सामान बांधून देतील” असं सांगितलं आणि त्या मीटिंगला गेल्या. साहेबांना जाऊन दोन आठवडे झाले होते. बारा वर्षांनंतर कंपनीतलं त्यांचं सगळं दोन खोक्यांत मावत होतं, आणि दुसरं खोकं अर्धं रिकामंच होतं.

काकांचं ‘बंडल’ हे नाव ऑफिसनेच पाडलेलं. सकाळी कुलूप काढायचं, पाण्याच्या बाटल्या भरायच्या, संध्याकाळी कुलूप घालायचं, ही पगाराची कामं. मधल्या वेळात लोणकढी थापा मारायच्या, हे बिनपगारी. पण माणसं जास्त आठवण ठेवत ती बिनपगारी कामाची.

“डोलायला म्हणजे?” मुलीने विचारलं.

“तो वर बघ, पांढरा, वाटीएवढा.” काकांनी कात्रीने छताकडे बोट केलं. “तो डोळा. माणूस हलला की दिवा लावतो, थांबला की मालवतो. पण कॉम्प्युटरवरचा माणूस हलतो कुठे? हलली तर बोटं. पाच मिनिटं झाली की गुडूप अंधार. मग सगळ्यांनी हात वर करून हलवायचे. बाहेरून बघणाऱ्याला वाटावं, बुडतायत बिचारे.”

“आधी पंधरा मिनिटं होती ना? वीजबचतीच्या प्रमाणपत्राला दोन टक्के कमी पडत होते म्हणून पाच केली.”

काकांनी मान वर केली.

“तुला बरंच ठाऊक आहे.”

“फोनवर दुसरं काही बोलायचेच नाहीत.”

“तर काय! आणि तो आमचा एक तपासनीस, दुसऱ्यांच्या प्रोग्रॅममधल्या चुका काढणारा. त्याला हात हलवायची अशी सवय लागली, अशी सवय लागली, की घरी जेवतानाही हात हलायला लागला. बायको वाढायला आली की याचा हात ताटावर. तिला वाटलं, नको म्हणतोय. चार दिवस उपाशी! पाचव्या दिवशी इथे जिन्यात चक्कर येऊन पडला, तेव्हा उलगडा झाला.”

मुलगी हसली. एकदाच, आणि हसू मध्येच थांबवून तिने चष्म्याच्या काड्या मिटल्या.

काकांना तेवढं पुरे होतं. गोष्टीला माणूस हसला की गाडी उतारावर लागते. त्यांनी मग साहेबांचं सगळं हिरवं प्रकरण मांडलं. छपाईचं मशीन साहेबांनी दोन मजले वर नेऊन ठेवलं. एक कागद काढायचा तर धाप लागली पाहिजे, म्हणजे माणूस आधी विचार करतो. प्रत्येकाच्या टेबलाखालची कचऱ्याची टोपली गेली, जिन्यापाशी एकच मोठी आली. मागच्या खोलीत दिवसरात्र घरघरणारी अकरा मशीनं होती. साहेबांनी त्यांचं काम चारांवर आणलं, आणि त्या चारांनाही काम नसेल तेव्हा झोपवायला शिकवलं. सगळे त्यांना ‘दिवेबंद साहेब’ म्हणायचे. तोंडावर म्हणायचे, आणि साहेब ओ द्यायचे.

“जगाचा ताप मोजायचे,” काका म्हणाले, “आणि स्वतःची गोळी घ्यायची विसरायचे.”

हे मात्र खरं होतं, म्हणून ते हळू आवाजात निघालं.

काचेच्या दारातून समोरची भिंत दिसत होती. तिथे हिरव्या काचेचं पान लावलं होतं. साहेब गेले त्याच्या आठवडाभर आधी समारंभात मिळालेलं. त्यावर कंपनीचं नाव होतं, वर्ष होतं, कमी झालेल्या विजेचा आकडा होता. साहेब गेल्यावर मॅडमनी सगळ्यांना पाच मिनिटं स्तब्ध उभं केलं. पाचवं मिनिट सरता सरता दिवे गेले. कोणी हात वर करीना. तसेच अंधारात उभे राहिले सगळे, नि मग कोणीतरी खोकल्यावर दिवे आले. ही गोष्ट काकांनी कुणालाच सांगितली नव्हती. ती थाप नव्हती, आणि तिला कोणी हसलं नसतं.

“काका,” मुलगी म्हणाली, “मला एकच विचारायचंय. मॅडमना विचारलं, तर त्या म्हणाल्या, कुलूप काकांकडे असतं, त्यांना माहीत. त्या संध्याकाळी बाबांना शेवटचं कोणी पाहिलं?”

काका खोक्यापाशी वाकले. पट्टी नीट बसली होती, तरी त्यांनी तिच्यावरून अंगठा फिरवला.

पूर्वी कुलूप घालण्याआधी ते नऊच्या नऊ दारं उघडून बघत. हे डोळे बसवले तेव्हापासून साहेबांनी ते बंद केलं. दार उघडलं की डोळा जागा होतो, दिवा उगाच जळतो. साहेबांनी स्वतःच्या हाताने चिठ्ठी लिहून किल्ल्यांच्या खुंटीवर चिकटवली होती : ‘काका, अंधार म्हणजे रिकामी खोली. उघडून पाहू नये. तुमचे गुडघेही वाचतील.’ गुडघे वाचले. महिन्याभरात काकांनी बोळाच्या टोकापर्यंत जाणंही सोडलं. कोपऱ्यावरूनच मान लांब करून बघायचं. त्या दिवशी सहा वाजता मान लांब केली, साहेबांच्या खोलीची काच काळी दिसली, आणि ते वळले. साहेब कधी लवकर निघत, कधी उशिरा, आपल्या किल्लीने कुलूप घालून. घरी वाट बघणारं कोणी नव्हतं, त्यामुळे रात्री शोधाशोधही झाली नाही. सकाळी आठला दार उघडलं, दिवा लागला, आणि साहेब टेबल आणि खुर्चीच्या मध्ये खाली होते. चिठ्ठी काकांनी त्याच दिवशी खरवडून काढली. डिंकाचा डाग निघाला नाही.

“मी पाहिलं,” काका म्हणाले.

एकदा पहिला शब्द पडला की पुढचे आपोआप येतात, हा त्यांचा आयुष्यभराचा अनुभव. आताही आले.

“सहाला दार उघडलं मी. दिवा लागला. साहेब खुर्चीत रेलून बसलेले. म्हटलं, काय साहेब, इथेच वास्तुशांत करून कायमचा मुक्काम ठोकला की काय? तर हसले. चेहरा कसा, नुकत्या न्हायलेल्या पोरासारखा. म्हणाले, काका, तुम्ही व्हा पुढे, माझ्याकडे किल्ली आहे. जरा बसतो, पोरीशी बोलतो आणि निघतो. मी म्हटलं, बरं. डॉक्टर म्हणाले ना, क्षणात झालं? माझी पाठ वळली असेल नसेल. कळलंसुद्धा नसेल त्यांना. हसतच गेला गं तुझा बाप.”

गोष्ट चांगली जमली होती. सांधा कुठे दिसत नव्हता. क्षणभर काकांना, कारागिराला वाटतं तसं, बरंसुद्धा वाटलं. मग त्यांनी कात्री हातातून खाली ठेवली.

मुलीने पिशवीतून फोन काढला आणि बराच वेळ बोटाने काहीतरी वर सरकवत राहिली.

“बाबांनी एक गंमत करून ठेवली होती,” ती म्हणाली. “दर सोमवारी त्यांच्या खोलीचा तक्ता मला आपोआप यायचा. दिवा कधी लागला, कधी विझला. वाचण्यासारखं काही नसायचंच. पण मी वाचायचे. साडेपाचला विझला, म्हणजे आज लवकर निघाले. साडेआठला विझला, म्हणजे बाहेर जेवले असतील. पत्रासारखं वाटायचं. ते गेल्यावरही येतो. इथे कोणाला माहीतच नाही, बंद कोण करणार?”

तिने फोन काकांपुढे धरला. काकांना चष्म्याशिवाय अक्षर लागत नव्हतं. त्यांनी तरी पाहिलं.

“हा त्या दिवसाचा. पाच बावन्नला विझला. सहाला काहीच नाही.” तिचं बोट एक ओळ खाली आलं. “मग सात वाजून दहा मिनिटांनी लागला. एकदाच. पाच मिनिटांनी विझला, तो एकदम सकाळी आठला लागला.”

बाहेरच्या हॉलमध्ये कोणीतरी हात वर करून हलवला.

“हा तक्ता आल्यापासून मी मनाला सांगत होते, सातला कोणीतरी आत गेलं असेल, दिवा बाबांच्या हलण्याने लागला नसेल. गाडीत बसतानाही तेच. जाऊन विचारायचं, कोण गेलं होतं.” तिने फोन पिशवीत टाकला, चष्मा त्याच्यावर ठेवला आणि पिशवीची चेन ओढली. “तुम्ही सात म्हणाला असतात ना काका, तर मी विश्वास ठेवला असता.”