दोन पानं एकदम

अंगठा... त्या मुलीचा अंगठा, नखाच्या कडेला शाईचा निळा ठिपका, आणि त्याखालून सरकत जाणारं जाड, गुळगुळीत पान — भागिरथा पानावरच्या चित्राकडे पाहतच नव्हती. ती कोपऱ्यातले आकडे पाहत होती. चार. पाच. सहा. साल दोन हजार तेवीस, कपाशीच्या वेचणीचे दिवस, वाशीमच्या दवाखान्यातली अरुंद खोली. आणि समोर सपना नावाची समुपदेशक, सुनेच्या वयाची, जी एकही पान न सोडता पुस्तिका उलटत होती. सात.

पाचव्या पानावर तिच्या थकलेल्या किडन्यांसाठी डायलिसिस होतं. यंत्र, दंडात सुई, आणि खाली शंभर इवली माणसं रांगेनं उभी : वर्षभरानं जिवंत असतील ती निळी, नसतील ती पांढरी. सहाव्या पानावर तीच शंभर माणसं, डायलिसिस न घेता नुसत्या औषधांवर घरी राहणारी. तिथं निळी फार थोडी. पण पाचव्यावरची निळी तरी कुठं सगळी तिच्या वाट्याची होती? हृदय कमजोर म्हणून डॉक्टरांनी त्यातली बरीच पेनानं खोडली होती... खोडलेल्या माणसांच्या रांगेत भागिरथाला उगाच ओळखीचे चेहरे दिसायला लागले, आणि तिनं पुन्हा अंगठ्याकडे पाहिलं.

"ठरवायचं तुम्ही, मावशी," सपना म्हणाली. "तुम्हाला सगळ्यात महत्त्वाचं काय वाटतं ते शेवटच्या पानावर लिहा. गुरुवारी घेऊन या."

शेवटच्या पानावर एक रेघ होती. महत्त्वाचं काय... सहासष्ट वर्षांत हे कोणी विचारलं नव्हतं. देवमनशी लग्न वडिलांनी ठरवलं, नोकरीचं गाव साहेबांनी, आणि आता पुण्याहून मुलगा संघदीप फोनवर म्हणत होता, तुझं तू ठरव आई, तुला कळतं. कळतं म्हणूनच तर. तेहतीस वर्षं नर्सबाई म्हणून काढल्यावर तिला एवढं ठाऊक होतं, की डॉक्टर असे खुर्ची ओढून शांतपणे विचारायला लागतात ते कधी.

"तुही माय असती तं काय सांगितलं असतं तिले?"

सपनानं पुस्तिकेचा कोपरा सरळ केला. "तसं सांगता येत नाही आमाले, मावशी," ती म्हणाली, आणि एवढं बोलताना तिची दवाखान्यातली भाषा निसटली.

प्रामाणिक मुलगी. मी नव्हते...

मालेगावच्या स्टँडवर केनवडच्या बसची वाट पाहताना तिच्या पिशवीत ती पुस्तिका होती, आणि तिला वाटत होतं, पिशवीत ती दुसरीही आहे — कापडी पाठीची, कुटुंबनियोजनाच्या चित्रांची, तीस वर्षांपूर्वीची, कधीच रद्दीत गेलेली. तांब्याच्या तारेची तांबी, गोळ्यांचं पाकीट, आणि शेवटी ऑपरेशन. मार्च महिना जवळ आला की वहीतला ऑपरेशनच्या केसेसचा आकडा भरलेला नसायचा, साहेबांचे निरोप यायचे, आणि अशाच एका मार्चात तांड्यावर धनीबाईच्या खोपटात, तिच्या दोन्ही लेकरांच्या समोर, भागिरथाचा अंगठा तांबी अन् गोळ्यांची पानं एकदम उलटून गेला होता. खोटं ती काहीच बोलली नव्हती. पुस्तक दाखवलं होतं, सही नाही तर अंगठा घेतला होता. धनीबाईनं आरशाच्या ओढणीनं तोंड पुसत एवढंच विचारलं होतं, "दुसरं काई नाई का, बाई?" आणि भागिरथा म्हणाली होती, नाही.

त्या पावसाळ्यात धनीबाईचा मुलगा हगवणीनं गेला. पुढल्या वर्षी मुलगी. ऑपरेशन झालेलं, आता हिला मूल व्हायचं नाही म्हणून नवऱ्यानं दुसरी आणली. त्यानंतर एकदाच, केनवडच्या बाजारात, धनीबाई सीताफळांच्या ढिगामागे बसलेली दिसली होती. भागिरथा तोंड फिरवणार तेवढ्यात तिनंच हाक मारली, वाळल्या वो बाई तुमी, म्हणाली, आणि तीन फळं पिशवीत टाकली. शिवी दिली असती तर... ती फळं घरी तशीच पिकून काळी पडली. धनीबाई मग ऊसतोडीला गेली ती तांड्यावर परत आली नाही, एवढंच नंतर कानावर आलं.

घरी देवमन अंगणात बाजेवर पाय पसरून होता. गुडघ्यांना तेल चोळलेलं. वास फाटकापर्यंत येत होता.

"आल्या नर्सबाई," तो म्हणाला. "काय म्हंते डॉक्टर?"

"म्हंते, तुमीच ठरवा."

"मंग पगार कायचा घेते थो?" तो हसला, मग थांबला. "तुले दवाखान्यात जायचं असन तं मी येतो संगं. एकदा काय, रोज येतो. उभ्यानं येतो."

तो आला असता. तेच तर. या गुडघ्यांवर, आठवड्यातून तीनदा, मालेगावला बस बदलून, यंत्राशेजारच्या बाकावर चार-चार तास; आणि तिच्याआधी तोच त्या बाकावर... तिनं पुस्तिका काढली. चष्म्याशिवाय त्याला अक्षर दिसत नव्हतं, चित्र तेवढं दिसत होतं.

"दाखव," तो म्हणाला.

ती त्याच्याजवळ बाजेवर बसली. तीन. चार. विहाराच्या भोंग्यावरून कुणीतरी माईक तपासत होतं. तिनं अंगठ्याला थुंकी लावली, आणि अंगठा — हा आपलाच, सुजलेला, अजून तितकाच सराईत — दोन पानं धरून उलटला. सहा. निळी माणसं थोडी. घर, खाट, औषधाची बाटली, उशाशी बसलेलं कुणीतरी.

हे आपण ठरवलं की नुसतं हातानं? ती शोधायला गेली, तर आत ठरवल्यासारखं काहीच लागेना. होती ती फक्त जुनी सवय, आणि तिच्यात शिरताना वाटणारा, लाज वाटावी असा, आराम.

देवमननं बोट त्या खाटेच्या चित्रावर ठेवलं.

"दुसरं काई नाई का?"

आवाज त्याचाच होता. पण तिनं वर पाहिलं तेव्हा तिला आरशाची ओढणी दिसली, आणि या खेपेला पहिल्यांदाच तिला कळलं, की तेव्हा धनीबाईलाही उलटलेलं पान दोन पानांइतकं जाड दिसलं असणार.

"नाही," भागिरथा म्हणाली.